रेडिएटर सकाळी गळतो, गरम झाला की थांबतो. रबर बदलू, टाकी बदलू की अख्खा नवा घेऊ?

वाईकर

नमस्कार मंडळी. गाडी डिझेल पिकअप, २०१५ चं मॉडेल, १ लाख ६० हजार किलोमीटर झालेली. रोज पसरणी घाटातून वाई–पाचगणी दोन फेऱ्या. वर जाताना खतं आणि किराणा, उतरताना स्ट्रॉबेरीचे क्रेट. रेडिएटरची जाळी ॲल्युमिनियमची, डाव्या-उजव्या बाजूच्या टाक्या काळ्या प्लॅस्टिकच्या.

सकाळी गाडीखाली ओल असते. ड्रायव्हरच्या बाजूची टाकी जाळीला बसते त्या सांध्यावर, अगदी खालच्या टोकाला, हिरवट-पांढरी पूड जमलीय आणि बोट लावलं की ओलं लागतं. इंजिन गरम झालं की तिथं थेंब दिसत नाही. आठवड्याला पाऊण लिटर कूलंट भरावं लागतं. टेंपरेचरचा काटा एरवी नेहमीच्या जागी, पण घाटाच्या शेवटच्या वळणांवर दोन रेघा वर चढतो आणि पाचगणीत सपाटीला आलं की उतरतो. होस पाइप आणि क्लिपा कोरड्या. कॅप गाडीबरोबर आलेलीच आहे.

तीन जणांनी तीन सल्ले दिलेत: हळद टाक, बाहेरून एम-सील लाव, नाहीतर अख्खा रेडिएटर बदल. नुसतं मधलं रबर बदलून काम होतं का? होत असेल तर कसं, आणि ते फसतं कुठं? हंगाम चालू आहे, गाडी दोन दिवसांपेक्षा जास्त उभी ठेवता येणार नाही.

कुपवाडचा फिटर

रबर बदलून काम होतं, वाईकर. पण गळती तिथंच आहे आणि तेवढीच आहे, हे आधी पक्कं करा.

ॲल्युमिनियमच्या जाळीच्या टोकाला जी पट्टी असते तिला कडेनं खाच असते. खाचेत रबराची रिंग, तिच्यावर प्लॅस्टिक टाकीचा काठ, आणि पट्टीचे कान वाकवून तो काठ दाबून धरलेला. आठ-दहा वर्षं तापून तापून ते रबर चपटं होऊन कडक बसतं. रात्री सगळं आकसलं की रबराला परत फुगून फट भरता येत नाही. गरम झालं की प्लॅस्टिक फुगतं आणि फट मिटते. म्हणून थंड असताना गळती, गरम असताना बंद. मात्र ‘बंद’ यावर पूर्ण विश्वास ठेवू नका. गरम जाळीवर आलेला बारीक थेंब तिथल्या तिथं वाळतो आणि मागे फक्त पूड राहते. तुमच्याकडे पूड आहेच.

आता एक सोपा हिशेब करून बघा. आठवड्याला ७५० मिली म्हणजे दिवसाला शंभरेक मिली. एक मिलीला साधारण वीस थेंब धरले तर रात्रीच्या आठ तासांत मिनिटाला चार-पाच थेंब पडायला हवेत. आज रात्री गाडीखाली स्वच्छ घमेलं ठेवा आणि सकाळी औषधाच्या मापानं मोजा. ८०–१०० मिली मिळालं तर गळती ही एवढीच. २० मिली मिळालं आणि पातळी मात्र १०० नं उतरली, तर उरलेलं दुसरीकडून जातंय, आणि ते शोधल्याशिवाय रेडिएटरला हात लावण्यात अर्थ नाही.

मग दाबाची तपासणी. हातपंप आणि कॅपच्या जागी बसणारा अडॅप्टर बऱ्याच गॅरेजांत असतो. इंजिन पूर्ण थंड, कूलंट मानेपर्यंत, म्हणजे कॅपखालच्या तोंडापर्यंत, भरलेलं. कॅपवर जो आकडा छापलाय तेवढाच दाब द्या, बहुतेक ०.९ बार म्हणजे १३ पीएसआय असेल. १५ मिनिटं काटा बघा आणि तोवर बॅटरी घेऊन या जागा तपासा: दोन्ही सांध्यांची चारही टोकं, वरच्या होसची मान, ड्रेन प्लग, वॉटर पंपाच्या खालचं बारीक भोक, आणि केबिनमध्ये पायाखालची मॅट. वॉटर पंपाच्या भोकातून ओघळ असेल तर पंपाचं सील गेलंय. मॅट ओली आणि काचेवर आतून चिकट वाफ असेल तर हीटरची जाळी. काटा उतरतोय आणि बाहेर कुठंच ओल नाही, तर पाणी इंजिनात जातंय: हेड गॅस्केट (इंजिनाचं डोकं आणि ब्लॉक यांच्यामधलं पॅकिंग), किंवा ईजीआर कूलर (इंजिनात परत फिरवायचा धूर गार करणारी जाळी) असेल तर तो.

हेड गॅस्केटची खूण आणखी सोपी आहे. थंड इंजिन, कॅप काढलेली, गाडी चालू करा. मानेत सतत बुडबुडे येत राहिले, किंवा कॅप लावून चालू केल्यावर मिनिटभरात वरचा होस दगडासारखा कडक झाला, तर सिलिंडरमधला वायू पाण्यात शिरतोय. तसं असेल तर नवा रेडिएटरही फाटेल.

गरम इंजिनाची कॅप उघडायची नाही, फडकं धरूनही नाही. वरचा होस हातात धरवेल इतका गार झाल्यावरच.

सांगली गणपती पेठ

हळदीबद्दल मी लिहितो. आमच्याकडे हळदीचा बाजार असल्यामुळे हा उपाय प्रत्येकाच्या तोंडी आहे आणि तो अगदीच निराधार नाही.

हळदीत पिठूळ अंश भरपूर असतो. गरम पाण्यात तो फुगतो, चिकट होतो आणि पाणी जिथून बाहेर पडतंय तिथं अडकतो. जुन्या पितळी रेडिएटरला सुईच्या टोकाएवढं भोक पडलं, गाडी आडरानात आहे, तर दोन चहाचे चमचे हळद पाण्यात कालवून टाकून गाव गाठता येतं. अंड्याचा पांढरा बलकही याच कारणानं टाकतात. बाजारातल्या पुड्या-बाटल्यांचं तत्त्वही जवळपास तेच.

पण तुमच्या गाडीत ती टाकू नका, आणि कारणं दोन. पहिलं, तुमची गळती भोकाची नाही, ती सांध्यातली लांबट फट आहे आणि ती रोज उघडते, रोज मिटते. तिथं बसलेली खपली दुसऱ्या दिवशी निघून जाते. दुसरं, ॲल्युमिनियमच्या चपट्या नळ्यांची आतली फट दीड मिलीमीटरच्या आसपास असते. हळदीला भोक कुठलं आणि नळी कुठली हे कळत नाही. ती खालच्या नळ्यांत बसते, हीटरच्या जाळीत बसते, थर्मोस्टॅटच्या (इंजिन तापल्यावरच रेडिएटरची वाट उघडणाऱ्या झडपेच्या) हवा जायच्या बारीक छिद्रात बसते. आज गळणारा रेडिएटर दुरुस्त होतो. आतून बुजलेला ॲल्युमिनियमचा रेडिएटर बहुतेक वेळा टाकावाच लागतो, कारण त्याच्या नळ्यांत पट्टी घालून साफ करता येत नाही.

एम-सीलचं म्हणाल तर सांध्यावर नकोच. ते चिकटतं धातूला, फट असते धातू आणि प्लॅस्टिकच्या मध्ये, आणि त्या दोघांचं फुगणं-आकसणं वेगवेगळं. शिवाय पुढं टाकी उघडायची वेळ आली की कानांत भरलेलं सील खरवडताना कान तुटतात.

वाईकर

धन्यवाद. दोन्ही करून बघितलं.

घमेल्यात सकाळी ९० मिली. पंप लावून ०.९ बार दिला, दहा मिनिटांत काटा ०.६ वर. थेंब त्याच खालच्या टोकाला, बाकी सगळं कोरडं. मानेत बुडबुडे नाहीत, होस हळूहळूच कडक होतो.

पण पुसून नीट बघितल्यावर एक दिसलं. वरच्या होसची मान ज्या टाकीला आहे, तिचं प्लॅस्टिक मानेभोवती काळं राहिलेलं नाही, तपकिरी पडलंय. मानेच्या बुडाशी नखाला लागेल अशी एक बारीक रेष आहे. ओल नाही. तिचं काय करू? होस काढून बघावं का?

कुपवाडचा फिटर

होस ओढू नका, मान हातात येईल.

ही टाकी काच-तंतू मिसळलेल्या नायलॉनची असते. इंजिनातून येणारं सगळ्यात गरम पाणी त्याच मानेतून आत शिरतं, म्हणून तीच बाजू आधी भाजून ठिसूळ होते. आज रेष आहे, उद्या घाटात दाब चढला की मान सुटेल आणि कूलंट मिनिटभरात रस्त्यावर. घाटात याचं महत्त्व जास्त. पाचगणीच्या उंचीवर उघडं पाणी ९६ अंशांच्या आसपास उकळतं. ०.९ बारची कॅप दाब धरून असेल तर तेच पाणी ११५ च्या पुढं जाऊन उकळतं. म्हणजे दाब गेला की पाणी शिल्लक असतानाही इंजिन उकळतं.

तेव्हा गळणाऱ्या बाजूला नवं रबर, आणि मानेच्या बाजूला नवी टाकी व नवं रबर. जास्त खपाच्या मॉडेलच्या टाक्या सुट्या मिळतात. जुनी टाकी बरोबर नेऊन लांबी, रुंदी, मानेचा व्यास आणि काठाची जाडी जुळवून घ्या. टाकी मिळत नसेल तर अख्खा रेडिएटर घ्या, फक्त जुनी टाकी चिकटवून परत बसवू नका. जाळीच्या पात्या हाताला लागताच पिठासारख्या झडत असतील, तरीही नवाच. झडलेली पात उष्णता नळीपासून हवेत नेतच नाही, सांधे कितीही पक्के केले तरी काटा चढणारच.

काढताना बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी सोडा. विजेचा पंखा असेल तर तो गाडी बंद असतानाही अचानक फिरू शकतो. ड्रेन प्लग उघडून कूलंट स्वच्छ भांड्यात घ्या आणि किती निघालं ते मोजून ठेवा, भरताना तोच आकडा कामाला येतो. एसी असेल तर कंडेन्सरचे, म्हणजे रेडिएटरपुढच्या एसीच्या जाळीचे, पाइप सोडायचे नाहीत. नुसते बोल्ट काढून तो तारेनं समोर बांधून ठेवा. रेडिएटर वर उचलताना खालचे दोन रबरी बुश जागेवर राहिलेत का बघा. ते दगडासारखे झाले असतील तर तेही बदला, कारण मग फ्रेमचा प्रत्येक हादरा थेट सांध्यावर येतो.

आता मुख्य काम, कान उघडणं. चपट्या तोंडाचा जुना स्क्रूड्रायव्हर घ्या, टोक गोलसर घासून घ्या. प्रत्येक कान फक्त टाकीचा काठ सुटेल एवढाच उचला, दोन-तीन मिलीमीटर. सरळ उभा करू नका. ॲल्युमिनियम वाकणं एकदा सहन करतं, कसंबसं दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा तुटतं. एखादा सुटा कान तुटला तर निभावतं. शेजारचे दोन तुटले, किंवा कोपऱ्यातला तुटला, तर तिथं पुन्हा गळणार हे धरून चाला.

टाकी निघाली की खाच बघा. बहुतेक ठिकाणी रबराखाली पांढरी, खरखरीत पूड असते. ती लाकडी काडीनं आणि नायलॉनच्या ब्रशनं काढा, लोखंडी ब्रश नको. खाचेत खड्डे पडले असतील आणि नख अडकत असेल, तर नवं रबर तिथं टेकणार नाही. हलके खड्डे ६०० नंबरच्या पॉलिश पेपरनं गुळगुळीत होतात. खोल असतील तर जाळी बाद.

रबर त्याच मापाचं हवं. बारीक घेतलं तर दाबलं जात नाही, जाड घेतलं तर कान पूर्ण बसत नाहीत. सिलिकॉन लावू नका. ते ओलं असताना रबराला घसरवतं, आणि वाळल्यावर त्याचे तुकडे सुटून नळ्यांच्या तोंडाशी जाऊन बसतात. रबर कूलंटमध्ये बुडवून ओलंच बसवा. चारही कोपऱ्यांत पीळ पडलेला नाही ना, हे बोट फिरवून बघा. फसतं ते इथंच. एका कोपऱ्यात रबर उलटलं की बाकीचं कितीही छान दाबलं तरी उपयोग नाही.

दाबायला दोन जाड लाकडी पट्ट्या आणि दोन-तीन सी-क्लॅम्प. टाकी सगळीकडून सारखी खाली बसली की आधी चार कोपऱ्यांतले कान, मग दोन्ही लांब बाजूंचे मधले, मग समोरासमोर एकेक करत बाहेरच्या बाजूला. एका टोकापासून सुरू करून सलग दाबत गेलात तर दुसरं टोक वर उचलतं. पकडीच्या दांड्यांमध्ये एक बोल्ट घालून तिचं मिटणं ठरावीक अंतरावर अडवा, म्हणजे सगळे कान सारखे बसतात आणि प्लॅस्टिकच्या काठाला चिरा जात नाहीत.

गाडीत बसवण्याआधी टाकी बाहेरच तपासा. दोन्ही होसच्या तोंडांना रबरी बुच आणि क्लिप, कॅपच्या जागी सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह बसवलेलं बुच, आणि पूर्ण रेडिएटर पाण्याच्या हौदात. दाब एक बार, जास्त नाही. आणि ही गोष्ट कृपा करून ऐका: पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरचा पाइप थेट लावू नका. त्यात सात-आठ बार असतात. टाकी फुटली तर तुकडे डोळ्यात जातात. मधे रेग्युलेटर लावा, नसेल तर सायकलचा पंप पुरतो. दहा मिनिटांत एकही बुडबुडा आला नाही तर काम झालं.

एकट्यानं पहिल्यांदा करत असाल तर अर्धा दिवस धरा. रेडिएटरवाल्याकडे दिलंत तर समोर उभे राहून दोन गोष्टी बघा, रबर नवंच टाकतोय ना आणि हौदात तपासतोय ना. जुनं रबर उलटं करून परत घालायची पद्धत काही ठिकाणी आहे, ते महिनाभर चालतं.

तासगाव ऊसवाहतूक

याच विषयातलं विचारतो. जुना ट्रॅक्टर, पितळी रेडिएटर, दोन ट्रॉल्या ऊस. वरच्या टाकीच्या शिवणीला एका कोपऱ्यात पाझर आणि मधल्या एका नळीतून बारीक फवारा. दुपारी कारखान्याच्या रांगेत उभा असताना काटा लालकडे जातो, चालता असताना बरा असतो. कथलाचा डाग देऊन भागेल का?

डागकाम मिरज

भागेल दादा, पितळीचं तेच तर सुख आहे.

पण रांगेत उभं असताना तापतो आणि चालताना बरा असतो, हे गळतीचं लक्षण नाही. उभ्या ट्रॅक्टरला वारा फक्त पंख्याचा. आधी जाळीच्या पुढच्या अंगाला पाचटाचा भुसा किती बसलाय ते बघा, मागून दिवा धरला की उजेड आरपार दिसला पाहिजे. हवा मारायची ती इंजिनाकडून पुढं, म्हणजे भुसा ज्या वाटेनं आला त्याच वाटेनं बाहेर. दाब दोन-तीन बार, नळी हातभर लांब. वॉशिंगच्या पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानं पात्या आडव्या पडतात आणि मग वारा कायमचा अडतो. पंख्याचा पट्टाही दाबून बघा, दोन पुलींच्या मधोमध अंगठ्यानं दाबल्यावर १०–१२ मिलीमीटर दबला पाहिजे.

आता डाग. शिवण गळते ती बहुतेक वेळा आपोआप नाही. बाजूची पट्टी तडकलेली असते किंवा खालचं रबर बसलेलं असतं, आणि सगळं वजन हादऱ्यासकट त्या कोपऱ्यावर येतं. ते आधी नीट करा, नाहीतर डाग पुढच्या हंगामापर्यंत टिकणार नाही.

जुन्या डागावर नवा डाग चढवून उपयोग नाही. त्या खाली मळ आणि क्षार अडकलेले असतात. कोपरा मऊ आचेवर तापवून जुनं कथील ओलं असतानाच ब्रशनं झटकून टाका, पितळ पिवळंधमक दिसेपर्यंत घासा. फ्लक्स म्हणून, म्हणजे कथील नीट धरावं यासाठी, जस्त मारलेलं ॲसिड लावा. जस्ताचे तुकडे टाकल्यावर फसफसणं पूर्ण थांबलेलं असलं पाहिजे, अर्धवट मारलेलं ॲसिड पितळ खातं. हे उघड्यावरच करा, त्या वेळी निघणारा वायू पेटतो. मग आच द्यायची ती कथलाला नाही, पितळाला. पितळ पुरेसं तापलं की कथील टेकवताच पाण्यासारखं पसरतं आणि शिवणीत स्वतःहून ओढलं जातं. गोळा होऊन वर बसलं तर समजा पितळ थंड आहे किंवा मळकट आहे, आणि तो डाग सुटणार. चाळीस टक्के कथील, साठ टक्के शिसं ही जोड शिवणीसाठी चांगली. ती १८३ अंशांना मऊ पडू लागते आणि २३८ च्या आसपास पूर्ण पातळ होते. मधल्या अवस्थेत ती लोण्यासारखी राहते, म्हणून रुंद फट भरता येते. शेजारच्या नळ्यांवर ओलं फडकं ठेवा, नाहीतर एक सांधा जोडताना चार सुटतात.

मधल्या नळीचा फवारा बाहेरून पोचत नसेल तर वरची टाकी उतरवून ती नळी दोन्ही टोकांना डाग देऊन बंद करतात. एक-दोन नळ्या बंद झाल्यानं फरक जाणवत नाही, पाच-सहा झाल्या तर दुपारी काटा सांगतो. टाकी उतरवलीच आहे तर सगळ्या नळ्यांत पातळ पोलादी पट्टी फिरवून घ्या. बोअरचं पाणी टाकत आला असाल तर आत चुनखडीचा थर निघेलच, आणि तो थर उष्णता अडवतो.

शेवटी खायच्या सोड्याच्या पाण्यानं सगळं धुवा. फ्लक्स राहिला की महिनाभरात तिथं हिरवं चढतं आणि त्याच्याखाली नवं भोक पडतं. शिशाचा धूर अंगावर घेऊ नका, काम झाल्यावर साबणानं हात धुतल्याशिवाय तंबाखू किंवा भाकरी तोंडात घालू नका.

दाब किती द्यायचा ते टोपीवर बघून ठरवा. जुन्या ट्रॅक्टरच्या टोप्या कमी दाबाच्या असतात, ०.३ ते ०.५ बार. तिथं पिकअपची ०.९ ची टोपी बसते, पण लावू नका. शिवण पुन्हा उघडेल.

कृष्णाकाठ

वाईकर, भरण्याबद्दल थोडं लिहितो, कारण नवी टाकी बसवून हवा अडकलेली गाडी घाटात नेली तर सगळी मेहनत वाया.

पाणी नळाचं नको, बोअरचं तर अजिबात नको. बॅटरीत टाकतात ते क्षार काढलेलं पाणी पाच लिटरच्या कॅनमध्ये मिळतं. कूलंट घट्ट असेल तर अर्धं पाणी, अर्धं कूलंट. डब्यावर ‘तयार मिश्रण’ असं लिहिलं असेल तर त्यात पाणी घालायचं नाही. आपल्याकडं गोठायची भीती नाही म्हणून चार लिटर पाण्यात एक लिटर कूलंट घालणारे पुष्कळ आहेत. पण गोठू न देणं हा त्यातला एकच भाग. ॲल्युमिनियमला गंज न धरू देणारी द्रव्यंही त्यातच असतात, आणि कूलंट एक तृतीयांशाच्या खाली गेलं की ती पुरत नाहीत. तुमच्या खाचेतली पांढरी पूड त्याचीच असू शकते.

रंगावर जाऊ नका. हिरवं म्हणजे एक जात आणि लाल म्हणजे दुसरी असा नियम नाही, प्रत्येक कंपनी आपला रंग घालते. दोन वेगळ्या जाती मिसळल्या तर साका तयार होऊ शकतो. सगळं रिकामं केलंच आहे, तर गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेल्या जातीचंच भरा. त्याआधी क्षार असतील तर लिंबाचं फूल, म्हणजे किराणा दुकानात मिळतं ते सायट्रिक ॲसिड, लिटरला ४० ग्रॅम, इंजिन गरम करून १५–२० मिनिटं चालवा, काढा, आणि साध्या पाण्यानं तीनदा धुवा. जास्त वेळ ठेवू नका. फरशीचं ॲसिड ॲल्युमिनियमला कधीच लावायचं नाही.

भरताना गाडीचं तोंड थोडं चढाकडं, हीटरचा नॉब पूर्ण गरमवर, हवा काढायचा स्क्रू असेल तर उघडा. सावकाश ओता. इंजिन चालू करून वरचा होस अचानक गरम होईपर्यंत थांबा, तेव्हा थर्मोस्टॅट उघडलेला असतो. पातळी खाली जाईल, भरा, कॅप लावा. हीटरमधून गार हवा येत असेल किंवा डॅशबोर्डमागं गुडगुड ऐकू येत असेल तर हवा अजून आत आहे. रात्रभर गार होऊ द्या आणि सकाळी पुन्हा बघा. काढलेल्या मापापेक्षा अर्धा लिटर कमी बसलं असेल तर तो अर्धा लिटर हवा आहे.

थर्मोस्टॅट काढून टाक असं कुणी सांगेल. ऐकू नका. इंजिन उतारावर थंड पडतं, डिझेल जास्त खातं, आणि घाटातलं तापणं त्यानं कमी होत नाही.

आणि कॅप बदला. दहा वर्षांच्या कॅपची स्प्रिंग आणि रबर दोन्ही थकलेलं असतं. तिच्यात दोन व्हॉल्व्ह असतात, एक दाब सोडणारा आणि एक गार होताना बाटलीतलं कूलंट परत ओढणारा. दुसरा अडकला तर बाटली भरलेली दिसते, रेडिएटर मात्र वरून रिकामा, आणि सकाळी होस चपटा झालेला असतो. जुन्या कॅपवरचा आकडा वाचून तोच घ्या.

सांगली गणपती पेठ

एक राहिलं. पिकअपला जादा दिवे, हॉर्न, टेप लावलेत का? त्यांची अर्थ वायर रेडिएटरच्या फ्रेमजवळ जोडलेली असेल तर करंट कूलंटमधून वाट काढतो आणि ॲल्युमिनियम आतून खातो. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा, काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हला, लाल पिन मानेतून कूलंटमध्ये, धातूला न लागता. इंजिन चालू, सगळे दिवे लावलेले. ०.१ व्होल्टच्या आत हवं. ०.३ च्या वर गेलं तर एकेक वस्तू बंद करत जा, ज्याच्यानं आकडा पडेल त्याची अर्थ थेट बॅटरीला न्या.

वाईकर

टाकी साताऱ्यात मिळाली, दोन्ही रबरं, कॅप आणि खालचे बुश नवे टाकले. हौदात एक बारला दहा मिनिटं, बुडबुडा नाही. कूलंट साडेसहा लिटर निघालं होतं, काल सव्वासहा बसलं, आज सकाळी अजून पाव लिटर. व्होल्ट ०.४ होते, पुढच्या दोन जादा दिव्यांची अर्थ हलवल्यावर ०.०५ वर आले. घाटात काटा आता एक रेघच चढतो.

ती एक रेघ सोडून देऊ का? आणि जुनं कूलंट गॅरेजच्या मागच्या गटारात ओतायला सांगतायत, ते चालतं का?

कुपवाडचा फिटर

भरलेल्या गाडीला चढावर एक रेघ चालते, सपाटीला आल्यावर दोन मिनिटांत उतरत असेल तर. कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मधली फट एकदा हवेनं झाडून घ्या, तिथं धूळ बसते आणि बाहेरून दिसत नाही. पहिला आठवडा रोज सकाळी थंड असताना पातळी बघा. होसच्या क्लिपा तीन दिवसांनी एकदा आवळा, नव्या मानेवर रबर बसतं आणि क्लिप सैल पडते.

गटारात ओतू नका. कूलंट चवीला गोड असतं, कुत्री आणि गुरं ते चाटतात आणि मूत्रपिंड जाऊन मरतात. बूच लागणाऱ्या कॅनमध्ये भरा, वर ‘विष’ असं मोठं लिहा, मुलांच्या हाताला लागणार नाही असं ठेवा आणि जुनं ऑइल गोळा करणाऱ्याला विचारून त्याच्याकडं द्या, पण ऑइलच्या पिंपात मिसळू नका. घमेलं ज्या जागी ठेवलं होतं तिथं सांडलं असेल तर माती टाकून ती माती उचला, आणि जागा भरपूर पाण्यानं धुवा.